दहापैकी चार

माझे यजमान शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांनी आयुष्यात कुणालाही दहापैकी दहा मार्क दिले नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाही.

नागपुरात आमच्या महाल भागात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मीही मनात मास्तरच म्हणायचे, तोंडावर ‘अहो’. शाळेतली ही मार्कांची खोड त्यांनी घरी आणली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी केलेल्या अनारशाचा तुकडा त्यांनी मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, “साडेपाच.” मला वाटलं वेळ सांगतायत. मी चहा ठेवायला उठले. मागून त्यांनी समजावून सांगितलं की नवीन सुनेच्या हाताला साडेपाच म्हणजे चांगलेच झाले, आईच्या अनारशालासुद्धा त्यांनी कधी सहाच्या वर जाऊ दिलं नव्हतं.

सहा हा त्यांचा शेवटचा आकडा. पुरणपोळीला सहा, मुलींच्या अक्षराला पाच, शेजारच्या घरातल्या लग्नातल्या पंगतीला साडेचार. एकदा मी चिडून विचारलं, “आणि मले किती?” त्यांनी खरंच विचार केला. हातातली बिडी विझेपर्यंत केला. मग म्हणाले, “सहा. वाढायला जागा आहे.” दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना कळेना की फर्स्ट क्लास मिळूनही ही बाई का रुसली.

कारण त्यांचा हिशेब साधा होता. पस्तीसला पास. चाळीस म्हणजे पोरगा नुसता काठावर नाही, दोन पावलं आत आलाय. साठाला फर्स्ट क्लास. त्याच्या वर देणारा मास्तर एक तर आळशी नाही तर खुशामतखोर. पूर्ण मार्क म्हणजे खोटं बोलणं, असं ते म्हणायचे आणि खोटं त्यांना जमत नसे. घरात पाहुणा नको असला तरी ‘मी घरी नाही’ असं सांगायला मला पाठवायचे नाहीत. स्वतः दारात जाऊन ‘मला आज बोलायचं नाही’ असं सांगून यायचे. माझं माहेर भिवापूरचं, तिथली मिरची प्रसिद्ध, म्हणून मी रागावले की ते मला भिवापूरची मिरची म्हणायचे. पण मिरची परवडली. असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे रोज परीक्षेला बसायचं.

तर बिडी. आमच्याकडे तेव्हा बिडी ओढण्याला कुणी व्यसन वगैरे म्हणत नसे. आमच्या शेजारची बाई तर घरबसल्या बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोलता बोलता बोटं चाललेली. तिच्या ओट्यावरून आमच्या ओट्यावर वास यायचा आणि आमच्या ओट्यावरून तिच्याकडे धूर जायचा. मास्तर शाळेत ओढायचे नाहीत, पण शाळा सुटल्यापासून निजेपर्यंत बोटांत बिडी असायचीच. पोरांच्या वह्यांना ठिकठिकाणी बारीक जळकी भोकं पडलेली असत. उजव्या हाताची दोन बोटं हळद लावल्यासारखी पिवळी.

सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. तीनदा केला होता. मोठी मुलगी झाली तेव्हा, तिला खोकला यायचा म्हणून. मग एकदा शाळेतल्या एका मास्तरांशी पैज लावून. आणि एकदा रामटेकला. माझ्या सासूबाईंनी गडावर देवापुढे उभं करून सांगितलं की काहीतरी सोड. दुसरा कुणी असता तर न आवडणारी भाजी सोडून मोकळा झाला असता, घरोघरी हेच चालतं. मास्तरांनी बिडी सोडली. गड उतरून खाली आलो, एस.टी.ला वेळ होता, आणि पाहते तर हे टपरीपाशी उभे. त्यानंतर कधीही बिडीचा विषय निघाला की स्वतःच सांगायचे, “तीनदा नापास.” जणू काही प्रगतिपुस्तकच वाचून दाखवतायत.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. एक दिवस शेजारीण सुपातून मान वर न करता मला म्हणाली, “काहून वं मास्तरीणबाई, नवीन साडी येऊन राहिली का घरात?”

“मले तर काही माहीत नाही,” मी म्हणाले.

“मंग तुमचे मास्तर रोज शाळेतून येता येता साड्यांच्या दुकानापुढं काहून उभे राहते? चांगले पाच-पाच मिनिटं पाहत राहते.”

मी मूर्ख, मी आठवडाभर साडीची वाट पाहिली. साडी आली नाही. मग एक दिवस मी त्यांच्या मागून गेले, तेव्हा दिसलं. घरापासून शाळा काही लांब नाही, ते आयुष्यभर पायदळच जायचे. आता थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा, पाय उचलेनासा व्हायचा. रस्त्यात नुसतं उभं राहायची लाज वाटे, म्हणून दुकानापुढे थांबून साड्या पाहायचे. गोळा उतरला की चालू लागायचे. पुढे पानवाल्याशी थांबायचे. मग देवळापाशी, चप्पल नीट करायला. घरी आले की डावा अंगठा बोटांनी चोळत बसायचे. त्या अंगठ्याला चपलेनं एक साधी जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मी हळद भरली, तेल लावलं, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली. जखम तिथंच. अंगठा मात्र निळसर दिसायला लागला आणि हात लावला तर गार लागे, भर उन्हाळ्यात, जेव्हा आमच्या नागपुरात फरशीसुद्धा तापलेली असते.

मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला शस्त्रक्रियेचा डॉक्टर तरुण होता, गोड बोलायचा. त्याच्या गोड बोलण्याचा मला आजही राग येतो. उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं पाय दाबून पाहिला, घोट्यापाशी नाडी शोधली, मिळाली नाही. म्हणाला, “बिडीमुळे रक्तवाहिन्या आखडल्या आहेत. कमरेजवळ चीर देऊन, वाहिन्यांना आवळून धरणारी आतली एक नस कापतो, म्हणजे पायाकडे रक्त जरा जास्त जाईल आणि जखम भरायला मदत होईल. पण बिडी चालू राहिली तर सगळं फुकट. आज ना उद्या पाय कापावा लागेल.”

मी म्हणाले, “मग करा साहेब ऑपरेशन. उद्याच करा.”

तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की खाटा थोड्या आणि असे रोगी पुष्कळ, आणि मला बाहेर बसायला लावलं. बाकीचं मला नंतर कळलं. ऑपरेशन करून पुन्हा बिडी ओढणाऱ्यांनी त्याला कंटाळा आणला होता. म्हणून त्यानं एक नवी रीत काढली होती, बाहेर कुठंतरी शिकून आला होता. आधी रोग्याला दोन प्रश्न विचारायचे. बिडी सोडायची इच्छा किती, आणि सोडू शकू याची खात्री किती. दोन्हीचं उत्तर दहापैकी. दोन्हीकडे सात किंवा वर असेल त्याला आधी खाट. बाकीच्यांनी महिन्यानं यायचं, पुन्हा विचारू. नातेवाइकांनी बाहेर बसायचं, कारण त्यांच्यादेखत रोगी खरं बोलत नाहीत.

त्यासाठी त्याच्याकडे एक लाकडी फूटपट्टी होती. पोरांच्या दप्तरात असते तीच. तिच्यावर त्यानं कागदाची पट्टी चिकटवून शून्य ते दहा आकडे लिहिले होते, आणि रोग्यानं बोट ठेवायचं. ही फूटपट्टी त्यानं एका अशा माणसाच्या हातात दिली की ज्यानं वीस वर्षं फूटपट्टी हातात धरून पोरांना मार्क दिले होते. आणि मी बाहेर बाकावर बसले होते, खुशाल बसले होते, कारण मला वाटलं आत पाय तपासतायत.

माझ्या शेजारी कामठीचा एक विणकर बसला होता. त्याच्याही पायाला असंच कापड गुंडाळलेलं. तो आत गेला आणि चहा निवायच्या आत हसत बाहेर आला. “झालं वहिनी. सोमवारी खाट भेटते.”

“इतक्यात?”

“मंग का तर. डाक्टरनं पट्टी देल्ली, मी दोन्ही बारीला दहावर बोट ठेवलं. लेकराची शपथबी घेतली. दवाखान्यात मोठाच आकडा सांगा लागते वहिनी.”

तो कुठल्या पट्टीचं सांगतोय ते मला कळलंच नाही, मला वाटलं पायाला बांधायची. जखम पुसून घ्यायला गेलेले मास्तर परत आले, आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते महिन्यानंतरची तारीख घेऊन. ते पुढे गेले तेवढ्यात मी दारावरच्या शिपायाला विचारलं, तेव्हा मला ती सातची अट कळली.

सायकलरिक्षात बसल्यावर मी विचारलं, “तुम्ही किती सांगितले?”

“इच्छा सहा. खात्री चार.”

मला क्षणभर ऐकूच आलं नाही. मास्तर घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायचे, म्हणून भांडताना मी मुद्दाम आमची नागपुरी बोलायचे, त्यांना खुपायचं. त्या दिवशी तर रिक्षावाल्यानं मान वळवून पाहिलं. “तुम्ही तिथं दुखणं दाखवाले गेले होते का पेपर तपासाले?”

“त्यांनी विचारलं. मी विचार करून सांगितलं.”

“चार? स्वतःच्या पायाले चार?”

“तीनदा नापास झालेल्या मुलाला मी आणखी किती द्यायचे?” ते शांतपणे म्हणाले. “आणि चार म्हणजे काही नापास नव्हे. पस्तीसला पास असतं. मी तर चाळीस दिले. इच्छेला फर्स्ट क्लास दिला.”

त्यांना खरंच वाटत होतं की ते पास झालेत. महिन्यानंतरची तारीख ही त्यांना पास झाल्यावर मिळालेली तारीख वाटत होती. मी त्यांना सांगितलं की डॉक्टरकडे सातच्या खाली सगळे नापास, कामठीचा विणकर दहा सांगून सोमवारी भरती होतोय. त्यावर हे गृहस्थ काय म्हणाले असतील? “दहा? त्याला कसे काय दहा देता आले स्वतःला?” आश्चर्य त्यांना त्याचं वाटलं.

मी रिक्षा फिरवायला लावली. तशीच डॉक्टरपुढे जाऊन उभी राहिले. “साहेब, ह्यांनी आजवर कुणाले सहाच्या वर देल्ले नाही. ह्यांचे चार म्हणजे बाकीच्यांचे नऊ समजा. शाळेत कुणालेही विचारा.”

तो हसला. चिडला नाही, हसला. “बाई, प्रत्येक बायको हेच सांगते की माझा नवरा नक्की सोडेल. मी रोग्याचं ऐकतो. त्यांना स्वतःलाच खात्री नाही, तर तुमच्या खात्रीचं मी काय करू?”

“मग त्याहीले समजावून सांगा न, की तुमच्याकडे सातले पास आहे.”

“तसं सांगितलं तर सगळे सातच सांगतील,” डॉक्टर म्हणाला. आणि वर असं पाहिलं की जणू मला एखादं गणित समजावून दिलंय.

घरी आलो. मास्तरांनी खिशातून बिडीचं बंडल काढलं, माचीस काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “चुलीत टाक.” मी टाकली. त्या दिवसापासून त्यांनी बिडी ओढली नाही. ज्या दिवशी त्यांनी स्वतःला चार दिले, त्याच दिवशी त्यांची बिडी सुटली होती.

सोपं गेलं असं समजू नका. ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता त्यांनी धाकटीची पाटी भिंतीवर आपटली. बडीशेप चघळून चघळून तोंड सोललं. वर्गात शिकवता शिकवता खडूच तोंडात धरायचे, बिडी धरावी तसा, आणि पोरं हसायची. संध्याकाळी नकळत शेजारणीच्या ओट्याकडे वळायचे, नुसते वासासाठी. ती हातातलं सूप पदराखाली झाकायची. “जा गा मास्तर, घरी जा. इथं नोका उभे राहू.” पुढे पुढे तर ती बाई ओट्यावर बसेनाशीच झाली. मागच्या अंगणात पत्र्याखाली, उकाड्यात, बिड्या वळायची. तिला कुणी पट्टी दाखवली नव्हती.

मास्तरांनी मात्र एकदाही म्हटलं नाही की मी सोडली. कुणी विचारलं तर म्हणायचे, “सध्या ओढत नाही.” मला त्या ‘सध्या’चा इतका राग यायचा.

पुन्हा दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना समोर बसवलं. “म्हणा, दहा.”

“अगं, पण—”

“दहा म्हणा नुसतं. तोंडानं. त्यात काय जाते?”

त्यांनी तोंड उघडलं. खरंच प्रयत्न केला, मला दिसत होता. जणू घशात माशाचा काटा अडकलाय. “साडेपाच चालेल का?” म्हणाले.

“सात तरी म्हणा.”

“सात मी कुणालाच दिलेले नाहीत.”

“मग आता द्या. तुमच्या त्या खरेपणाचं काय लोणचं घालाचं आहे मले?”

“महिनाभर जमलं म्हणून पुढे जमेल असं सांगता येत नाही,” ते म्हणाले. “सहामाहीत पास झालेली पोरं वार्षिकला गटांगळ्या खातात. उद्या मी पुन्हा ओढली तर? मग त्या डॉक्टरची खाट मी फुकट घेतली, असं होईल.” बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांना दुसऱ्याच्या खाटेची काळजी होती. अंगठा तेव्हा अर्धा काळा झाला होता.

दुसऱ्या खेपेला इच्छा सहा आणि खात्री पाच. एक महिना पाळला त्याचा एक मार्क वाढवला होता. डॉक्टरनं विचारलं, “सध्या किती ओढता?” मास्तर म्हणाले, “ओढत नाही. तुम्ही मागे विचारलं त्या दिवसापासून.” डॉक्टरनं त्यांची बोटं पाहिली. पिवळा रंग पूर्ण गेला नव्हता. म्हणाला, “मास्तर, महिनाभर सोडली असती तर खात्री पाच कशी असेल? दोहोंतलं एक खरं नाही. आणि सोडली असं तर इथं प्रत्येक जण म्हणतो.”

हे मला मास्तरांनी स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाले, “तर्काला धरून होतं त्याचं.” खोटं न बोलणाऱ्या माणसाला खोटारडा ठरवलं आणि हे त्याच्या तर्काला मार्क देत बसले.

त्या दिवशी मला कामठीचा विणकर भेटला. ऑपरेशन झालं होतं, पायाची जखम भरत आली होती. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता आणि बिडी ओढत होता. मला पाहून त्यानं बिडी पाठीमागे लपवली नाही, नुसता ओशाळं हसला. “का करू वहिनी, सुटत नाही. मास्तरचं झालं का?” मी नाही म्हणाले. त्याचं तोंड उतरलं. “त्याहीले कोणी सांगत काहून नाही गा, दहा म्हना म्हनून,” असं तो आपल्याशीच पुटपुटला. त्याच्यावर मला राग आला नाही. आपला पाय वाचवायला माणूस दहा म्हणेल नाही तर काय. तो दोन पायांनी चालत कामठीच्या बसकडे गेला.

तिसऱ्या खेपेला मात्र मी बाहेर बसले नाही. शिपाई अडवत होता, डॉक्टर बाहेर थांबा म्हणाला, मी दार लावून आत उभी राहिले. डॉक्टरनं पट्टी टेबलावर ठेवली. इच्छा. मास्तरांचं बोट सहावर गेलं. खात्री. बोट पाचच्या आसपास घुटमळायला लागलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि ते बोट ओढून दहावर नेऊन दाबलं. इतकं जोरात, की माझंच नख पांढरं पडलं.

“घ्या,” मी म्हणाले. “झाले दहा. आता द्या खाट.”

डॉक्टरनं टेबलावरचं पेन उचललं. त्या घटकेला तो हो म्हणाला असता असं मला अजून वाटतं. मी त्यांच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. मास्तरांनी माझा हात हळूच, एकेक बोट करून, सोडवला. आणि आपलं बोट पाचवर नेऊन ठेवलं.

“हे मार्क माझे नाहीत,” ते डॉक्टरला म्हणाले. “ती घाबरली आहे. तुम्ही पाचच धरा.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दोन मुली होत्या, आणि त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका तिरस्कार वाटला तितका कुणाचाही वाटला नाही. मी ओरडले. म्हणाले, “तुम्ही मार्क मोजत बसा दोघं. त्या पायाकडे पाहा एकदा.” आणि खाली बसून मीच पायाचं कापड सोडायला लागले.

दोन महिने दवाखान्यात तो पाय कुणी नीट पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी पाहिला, त्यानंतर फक्त बोट कुठं जातं ते पाहिलं. कापड निघालं तसा खोलीत वास सुटला. अंगठा गेलाच होता, शेजारची दोन बोटं काळी ठिक्कर, आणि काळेपणा पावलावर चढला होता. डॉक्टर खुर्चीवरून उठला, वाकला, आणि त्याचा गोड आवाज पहिल्यांदा बदलला. नर्सला हाक मारून म्हणाला, “आत्ता भरती करा. आजच.”

खाट लगेच मिळाली. पाय कापायला कुणी खात्री विचारत नाही.

गुडघ्याखाली कापला. मास्तरांनी शुद्धीवर आल्यावर पांघरुणाखाली हात घालून चाचपून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर कधीतरी मला म्हणाले, “पोरींना एकदम दाखवू नकोस.” इतकंच.

चार-पाच दिवसांनी डॉक्टर फेरीवर आला आणि त्यानं कोटाच्या खिशातून ती पट्टी काढली. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दुसरा पाय वाचवायचा असेल तर बिडी कायमची बंद हवी, म्हणाला, तेव्हा पुन्हा एकदा विचारून घेऊ. मास्तर बिचारे उठून बसायला लागले, जणू वर्गात इन्स्पेक्टर आलाय.

मी पट्टी त्याच्या हातातून घेतली. हिसकावली म्हटलं तरी चालेल. उलटी करून त्याच्यापुढे धरली. “आता तुम्ही बोट ठेवा साहेब. पहिल्या दिवशी ऑपरेशन केलं असतं तर हा पाय वाचला असता, याची तुम्हाले किती खात्री आहे?”

आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, “असं सांगता येत नाही, बाई. वाचला असता किंवा नसताही. वैद्यकात असं आकड्यात सांगता येत नसतं.”

“मग ह्यांनी कसं सांगायचं होतं?”

त्यानं पट्टी माझ्या हातातून घेतली, खिशात घातली आणि पुढच्या खाटेपाशी गेला. मी तिथंच उभी. मास्तरांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. “त्याचं बरोबर आहे,” म्हणाले, “नाहीच सांगता येत.” मी त्यांचा हात झटकला.

पुढे लाकडी पाय बसवला. मास्तर कुबडी घेऊन रिक्षानं शाळेत जायचे, खुर्चीवर बसून शिकवायचे. साड्यांच्या दुकानापुढे थांबायचं कारण उरलं नाही. शेजारीण तोवर पुन्हा पुढच्या ओट्यावर बसायला लागली होती, कारण तिचा वास आता त्यांना ओढून नेत नाही हे तिनं पाहिलं होतं. दुसरा पाय शेवटपर्यंत शाबूत राहिला. बिडी त्यांनी परत कधी हातात धरली नाही. कुणी विचारलं तर उत्तर तेच, “सध्या ओढत नाही.”

लोक मला म्हणायचे, नवरा देवमाणूस आहे, खरेपणाला जागला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवमाणसाची विजार मी गुडघ्याखाली दुमडून टाके घालून देत होते.

ते रिटायर झाले त्या वर्षीची गोष्ट. दुपारी ओट्यावर बसले होते, लाकडी पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. धाकटीच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि पाहुण्यांपुढे कुबडी घेऊन यायचं की पाय लावून, यावरून आमचा वाद झाला होता. त्या रागात माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“आता सांगा. बिडी पुन्हा ओढणार नाही, याची दहापैकी किती खात्री?”

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. वही तपासताना बसायचे तसे मान किंचित वाकडी करून बसून राहिले. शेजारणीच्या सुपातली पानं कापल्याचा आवाज येत होता.

“सात,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून सात हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला. मी त्या लाकडी पायाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“तेव्हा म्हटलं असतं सात, तर?”

“तेव्हा चारच होते,” मास्तर म्हणाले.